‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय, हे यंत्राला विचारता येते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका दाखल्यासाठी मी एका कार्यालयात सकाळी साडेदहापासून रांगेत उभा होतो. सव्वाअकराच्या सुमारास खिडकीच्या काचेवर आतून एक कागद चिकटवला गेला. त्यावर निळ्या स्केचपेनने ‘सर्व्हर डाऊन’ एवढे दोनच शब्द होते. कागदाच्या चारही कोपऱ्यांवर जुन्या चिकटपट्टीचे पिवळे थर दिसत होते, म्हणजे तो दर वेळी नव्याने लिहावा लागत नसावा. रांगेतल्या कुणीही काही विचारले नाही. पावसाची सर आली की माणसे जशी आडोशाला सरकतात, तशी सगळी बाकांकडे सरकली. मी मात्र खिडकीपाशी जाऊन ‘पूर्ण मशीन बंद आहे की एखादेच पार्टिशन?’ असे विचारले. त्यावर आतल्या गृहस्थांनी ‘काका, वरूनच बंद आहे’ असे सौजन्याने सांगितले. त्यांचा दोष नाही, कारण त्यांनाही याहून अधिक कुणी सांगितलेले नसणार.

नळाला पाणी येणार नाही असे जाहीर करतानासुद्धा पालिका कोणत्या भागात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आणि कोणत्या जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी हे सांगते, आणि आपले दैनिक ते चौकटीत छापते. सर्व्हरच्या बाबतीत मात्र आपण सर्वांनी, त्यात वृत्तपत्रेही आली, दोन शब्दांवर समाधान मानायचे ठरवलेले दिसते. मी नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये बावीस वर्षे मोठ्या युनिक्स सर्व्हरची देखभाल केली असल्यामुळे हे समाधान मला परवडत नाही. असे यंत्र कुठे, केव्हा आणि कशामुळे अडले हे ते स्वतःच सांगत असते. फक्त विचारणारा लागतो आणि कोणत्या कमांडने विचारायचे हे त्याला ठाऊक असावे लागते. हे पत्र त्याविषयी आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. पार्टिशन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे घरच्या संगणकातील सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह येतात. ती एका डिस्कची वाटणी झाली. मोठ्या सर्व्हरमध्ये अख्ख्या यंत्राची वाटणी होते, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी कार्डे यांचे गट पाडून प्रत्येक गटावर स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम चालवली जाते. पुण्यातल्या जुन्या वाड्यासारखी ही रचना असते. भिंती आणि छप्पर एका मालकाचे, पण प्रत्येक बिऱ्हाडाची चूल निराळी, आणि एका बिऱ्हाडात भांडण झाले म्हणून दुसऱ्याचा स्वयंपाक थांबत नाही. आयबीएमने ही सोय १९८८ मध्ये आपल्या ३०९० या मेनफ्रेमवर आणली. सन कंपनीच्या १९९७ च्या एंटरप्राइझ १०००० मध्ये, ज्याला सगळे स्टारफायर म्हणत, यंत्र चालू असताना एक बोर्ड एका गटातून काढून दुसऱ्या गटाला देता येई. माझा संबंध आला तो एचपीच्या सुपरडोमशी, जो २००० साली बाजारात आला. त्याच्या एका कपाटात आठ सेल, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी बसवलेले बोर्ड, बसत, दोन कपाटे जोडली की सोळा होत, आणि पहिल्या मॉडेलच्या प्रत्येक सेलवर चार प्रोसेसर असल्यामुळे एकूण चौसष्ट प्रोसेसरांचा तो प्रपंच होता. बँका शाखाशाखांमधली खातेवही एका मध्यवर्ती यंत्रावर आणत होत्या, त्या काळात आपल्याकडे अशी यंत्रे आली.

या वाड्यात भिंती दोन प्रकारच्या होत्या, आणि हा फरक कागदावरचा नव्हता. एन-पार म्हणजे सेल मोजून केलेली, हार्डवेअरच्या पातळीवरची वाटणी. एका एन-पारमधील सेल जळाला तरी शेजारच्याला त्याची झळ लागू नये अशी तिची मांडणी असे. व्ही-पार म्हणजे एकाच एन-पारच्या आत सॉफ्टवेअरने घातलेली फळीची भिंत. एका व्ही-पारची ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली तर दुसरा चालू राही, पण खालचे हार्डवेअरच गेले तर दोघेही जात. त्या बदल्यात व्ही-पारची लवचिकता मोठी होती. महिनाअखेरीला व्याजाची आकारणी सुरू झाली की ‘व्हीपारमॉडिफाय’ ही कमांड देऊन आम्ही चाचणीच्या पार्टिशनमधले दोन प्रोसेसर काढून मुख्य पार्टिशनला देत असू आणि पहाटे परत करत असू. कुठलेही यंत्र त्यासाठी बंद करावे लागत नसे.

आता कमांडविषयी. माझ्या अनुभवात त्यांच्या दोन जाती आहेत, विचारणाऱ्या आणि हुकूम सोडणाऱ्या. विचारणाऱ्या कमांडने यंत्राचे काहीही बिघडत नाही, ती दिवसातून शंभर वेळा द्यावी. हुकमाची कमांड वर्षातून चार वेळा लागते आणि ती देणाऱ्याचा हात थरथरला तरी चालेल, पण अंदाज चुकता कामा नये. नव्या मुलांना मी पहिले तीन महिने फक्त पहिली जात शिकवत असे, आणि त्याबद्दल माझ्या वरिष्ठांची माझ्यावर नाराजीही होती.

विचारणाऱ्यांतली पहिली ‘पारस्टेटस’. तिला डॅश स्मॉल डब्ल्यू जोडले की ती एकाच ओळीचे उत्तर देते, ‘तुम्ही अमुक क्रमांकाच्या पार्टिशनमध्ये आहात’. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण एकाच टेबलावर एकाच पडद्यावर कमांड टाइप करायच्या सहा काळ्या खिडक्या उघड्या असताना आपण कुठे बसलो आहोत हे विचारून घेण्यात कमीपणा नाही. डॅश कॅपिटल सी जोडले की सर्व सेलची यादी येते. कपाट शून्य, सेल दोन. चालू की बंद. आणि मग प्रोसेसरचे तीन आकडे तिरप्या रेघांनी वेगळे केलेले: किती ठीक आहेत, किती बाजूला काढले आहेत आणि जास्तीत जास्त किती बसू शकतात. ‘४/०/४’ दिसले की चहाला जावे. ‘३/१/४’ दिसले तर त्याचा अर्थ यंत्राने एक प्रोसेसर कामातून बाजूला काढून ठेवला आहे आणि उरलेल्या तिघांवर गाडा ओढत आहे. खिडकीवरच्या माणसाला त्या दिवशी ‘आज सर्व्हर स्लो आहे’ एवढेच जाणवते. त्या मधल्या आकड्याकडे रोज सकाळी कुणी पाहिले, तर पुष्कळ ‘डाऊन’ होण्याआधीच कळतील.

दुसरी ‘आयओस्कॅन’. ही जोडलेल्या प्रत्येक डिस्कची, टेपची, नेटवर्क कार्डाची हजेरी घेते आणि प्रत्येकापुढे शेरा लिहिते. ‘क्लेम्ड’ म्हणजे वस्तू आहे आणि तिला चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरही आहे. ‘अनक्लेम्ड’ म्हणजे वस्तू दारात उभी आहे पण तिला ओळखणारे घरात कुणी नाही. ‘नो हार्डवेअर’ म्हणजे ही वस्तू पूर्वी होती, आता हाकेला ओ देत नाही. हे तीन शेरे तीन वेगवेगळ्या माणसांकडे बोट दाखवतात. पहिल्यात दोष असलाच तर तो अन्यत्र शोधायचा, दुसऱ्यात सॉफ्टवेअर बसवणाऱ्याला फोन करायचा, आणि तिसऱ्यात टॉर्च घेऊन कपाटामागे जायचे, कारण दहापैकी सहा वेळा तिथे एखादी केबल सफाईवाल्याच्या झाडूने किंवा आमच्याच एखाद्याच्या कोपराने सैल झालेली असे. आयबीएमच्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर हीच चौकशी ‘एलएसडेव्ह’ करते आणि चुकांची वही ‘ई-आर-आर-पी-टी’ दाखवते. सनच्या सोलारिसवर त्यासाठी ‘सीएफजीअ‍ॅडम’ आहे. नावे निराळी असली तरी विचारण्याची रीत एकच, त्यामुळे एका घरची भाषा आलेला माणूस दुसऱ्या घरी महिन्याभरात रुळतो.

कार्ड बदलायचे झाले तर ‘ओएलरॅड’. यंत्र चालू ठेवून खाचेतले कार्ड काढण्याची ही सोय आहे आणि तिच्यात माझ्या मते सर्वांत शहाणा असा एक पर्याय आहे, डॅश कॅपिटल सी. तो दिल्यावर काहीही काढले जात नाही. हे कार्ड काढले तर कोणत्या डिस्क तुटतील, आणि त्यांत ऑपरेटिंग सिस्टिमची किंवा ग्राहकांच्या माहितीची डिस्क आहे का, याचा हिशेब फक्त मांडला जातो. आपल्याकडे रस्ता खोदण्यापूर्वी असा एखादा पर्याय उपलब्ध असता तर बरे झाले असते, पण तो विषय वेगळ्या पत्राचा. खुद्द सेल बदलायचा तर ‘फ्रुलेड’ नावाची कमांड त्या सेलचा दिवा लुकलुकता ठेवते. डेटा सेंटरच्या त्या खोलीत मे महिन्यातही आम्ही स्वेटर घालत असू आणि पंख्यांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे. अशा ठिकाणी फोनवर ‘डावीकडून तिसरा’ असे ओरडण्यापेक्षा लुकलुकणारा दिवा किती बरा, हे ज्याने डावीकडून तिसरा म्हणजे पुढून की मागून असा वाद एकदा घातला आहे, त्यालाच कळेल.

आता हुकमांच्या जातीविषयी लिहिताना स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. एका बँकेच्या (नाव सांगत नाही) यंत्रावर तीन पार्टिशन होती. पहिल्यावर मुख्य खाती, दुसऱ्यावर चाचणी, तिसऱ्यावर एटीएमचे व्यवहार. एका संध्याकाळी चाचणीचे पार्टिशन अडकले होते आणि माझी पाळी संपत आली होती. मी पाळीबदलाच्या वहीत ‘दुसरे पार्टिशन हँग आहे, गरज पडल्यास रीसेट द्यावा’ अशी ओळ लिहिली आणि शेवटची लोकल गाठली. रात्री पावणेतीनला पाळीवरच्या मुलाने देखरेखीच्या कन्सोलवर ‘आरएस’ ही दोन अक्षरांची रीसेटची कमांड दिली. यंत्राने त्याला रीतसर विचारले की कोणते पार्टिशन, आणि यादीही समोर ठेवली: पार्टिशन शून्य, पार्टिशन एक, पार्टिशन दोन. वहीत दुसरे म्हटले होते म्हणून त्याने दोन हा आकडा दाबला. यंत्राने पुन्हा विचारले, नक्की का? त्याने होकार दिला.

यंत्राची मोजणी शून्यापासून सुरू होते. दुसरे पार्टिशन म्हणजे क्रमांक एक, आणि क्रमांक दोन म्हणजे एटीएम. त्या रात्री चाळीस मिनिटे कार्ड घातलेल्या माणसांना पैसे मिळाले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी शाखांमध्ये अर्थातच ‘सर्व्हर डाऊन होता’ असे सांगितले गेले. चौकशीत त्या मुलाला बोलावण्यात आले. ती ओळ माझ्या हस्ताक्षरातली आहे असे मी सांगितल्यावर चौकशी जरा लांबली, पण मुलाची नोकरी वाचली. यंत्र त्या रात्री क्षणभरही बिघडलेले नव्हते. त्याने दोनदा विचारले होते. पार्टिशनला नावे देण्याची सोयही पहिल्या दिवसापासून होती. ‘पारमॉडिफाय’ला डॅश कॅपिटल पी जोडून नाव लिहायचे, एवढे अर्ध्या मिनिटाचे काम आम्ही कुणी केले नव्हते. त्या आठवड्यात ते केले, आणि वहीत ‘पहिले-दुसरे’ हे शब्द लिहायला बंदी घातली.

दुसरा धडा ‘शटडाऊन’चा. चालू पार्टिशनला नवीन सेल जोडला आणि नेहमीप्रमाणे डॅश स्मॉल आर देऊन यंत्र पुन्हा सुरू केले, तर ते व्यवस्थित सुरू होते, पण नवा सेल निष्क्रियच राहतो. त्यासाठी डॅश कॅपिटल आर द्यावा लागतो. मग सर्व सेल नव्याने उठतात, एकमेकांची दहा मिनिटांपर्यंत वाट पाहतात, आणि तोवर जो आला नाही त्याला मागे ठेवून बाकीचे पुढे जातात. म्हणजे एका अक्षराच्या लहानमोठेपणावर रविवारची अख्खी रात्र फुकट जाऊ शकते, कारण पुन्हा बंद करायची परवानगी पुढच्या रविवारीच मिळते. असे तीन रविवार घालवलेले एक कार्यालय मला माहीत आहे. त्यांच्याकडची छापील पुस्तिका इंग्रजीत होती आणि ती कपाटात कुलूपबंद होती.

हे सर्व आता जुने झाले, क्लाउडच्या काळात याचा काय उपयोग, असे कुणी म्हणेल. क्लाउडच्या मागेही कुठेतरी प्रोसेसर आणि कार्डे असलेले यंत्र असतेच. फरक एवढाच की त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याकडे न राहता भाडे घेणाऱ्याकडे जातो. पण तो मुद्दा बाजूला ठेवला तरी आजचे वास्तव निराळे आहे. सुपरडोमच्या नंतरच्या मॉडेलांमध्ये वापरला गेलेला आयटेनियम प्रोसेसर इंटेलने २०२१ च्या जुलैनंतर पाठवणे बंद केले, आणि एचपी-यूएक्स ११आय आवृत्ती ३ या ऑपरेटिंग सिस्टिमचा नेहमीचा आधार ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपला. यंत्रे मात्र कंपनीच्या दिनदर्शिकेकडे पाहून बंद पडत नाहीत. ज्यांनी अजून नव्या यंत्रावर स्थलांतर केलेले नाही, त्यांना ती चालवावीच लागतील, किंवा निदान जुन्या नोंदी काढून घेईपर्यंत जिवंत ठेवावी लागतील. आणि ‘३/१/४’ वाचता येणारी माणसे माझ्यासारखी निवृत्त होऊन नातवंडांना शाळेत सोडत आहेत. प्रशिक्षण संस्थांमध्ये हल्ली पडद्यावरची बटणे शिकवतात, ती शिकवावीतही. पण बटणांचा तो पडदा ज्या यंत्रावर चालतो तेच अडकले की शेवटी काळी खिडकी आणि टाइप केलेली कमांड एवढेच हाताशी उरते, हे त्या मुलांना पहिल्या अपघाताच्या रात्री समजते.

यावर माझ्या अपेक्षा फार खर्चिक नाहीत. जी कार्यालये, बँका, रुग्णालये मोठ्या सर्व्हरवर अवलंबून आहेत त्यांनी आपल्या यंत्राची विचारणाऱ्या कमांडची एक पानभर यादी, उत्तरे कशी वाचायची यासह, मराठीत लिहून यंत्राच्या खोलीच्या दाराआतून लावावी. कमांडची स्पेलिंग अर्थातच रोमन राहतील, पण ‘हे दिसले तर त्याला फोन करा’ हे मराठीत असायला काय हरकत आहे? देखभालीचा ठेका बदलताना जुन्या ठेकेदाराकडून पार्टिशनची नावे, क्रमांक आणि कोणते कार्ड कोणत्या पार्टिशनचे याचा नकाशा सहीनिशी घेतल्याशिवाय शेवटचे बिल देऊ नये. ठेका बदलल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातले गोंधळ मी इतके पाहिले आहेत की याबाबत मी थोडा कडवट झालो आहे हे कबूल करतो. आणि तालीम करावी. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, मुद्दाम विशेष सत्र ठेवून खरे व्यवहार चालू असताना मुख्य यंत्रणेवरून पर्यायी यंत्रणेवर जाऊन दाखवले, आणि १८ मे रोजी ते पुन्हा केले. कोट्यवधींच्या उलाढालीत हे करता येत असेल, तर दाखले देणाऱ्या कार्यालयाला वर्षातून एका सुट्टीच्या दिवशी एक पार्टिशन बंद करून पुन्हा उठवून पाहणे अशक्य नसावे.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. ‘सर्व्हर डाऊनमुळे नागरिकांचे हाल’ हा मथळा देण्यापूर्वी त्यांनी संबंधित अधिकाऱ्यांना पूर्ण यंत्र बंद होते की एक भाग, यंत्राच्या नोंदवहीत पहिली चूक किती वाजता उमटली आणि कामकाज किती वाजता थांबले, आणि दुरुस्तीसाठी शेवटी काय बदलले, एवढे विचारावे. पहिल्या चुकीची वेळ आणि कामकाज थांबण्याची वेळ यांत कधीकधी तीन-तीन दिवसांचे अंतर असते. उत्तर मिळाले नाही तर तसे छापावे. दोन-तीनदा छापून आले की अधिकारी आपल्या तंत्रज्ञाला विचारू लागतील आणि तंत्रज्ञ यंत्राला.

त्या दिवशी दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली तेव्हा कागद तसाच होता. मला सोमवारी पुन्हा बोलावले आहे.

आपला,
एक निवृत्त सर्व्हर व्यवस्थापक,
डोंबिवली (पूर्व)
(कृपया नाव छापू नये.)